सोलॅरिसची कुलुपे आणि किल्ल्या

आपल्यापैकी संगणकाच्या व्यवसायात असलेल्या अनेकांचा संसार सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलॅरिसवर उभा राहिला; माझाही. (१९८२ साली ही कंपनी काढणाऱ्या चौघांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा, हे आपण मंडळी आवर्जून सांगतोच!) सोलॅरिस म्हणजे युनिक्स घराण्यातली, पैसे मोजून घ्यायची प्रणाली. तिचे वैशिष्ट्य मी घरच्यांना असे सांगतो.

गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला स्वयंपाकी चार असोत वा चौसष्ट, कोठीघराची किल्ली एकच असेल तर बाकीचे दाराशी ताटकळणार. अनेक जुन्या युनिक्सच्या गाभ्यात नेमके हेच होई. प्रोसेसर वाढवले तरी आत एका वेळी एकच. सनच्या अभियंत्यांनी १९९० च्या दशकात गाभा नव्याने रचला आणि कोठीऐवजी प्रत्येक डब्याला स्वतंत्र कुलूप लावले. वाट पाहण्याची रीतही शहाणपणाची होती: किल्ली घेतलेला दुसऱ्या प्रोसेसरवर कामात असेल तर दाराशीच थांबायचे, कारण तो लगेच बाहेर येईल, तोच झोपला असेल तर आपणही झोपायचे. म्हणूनच १९९७ च्या ई१०००० यंत्रात ६४ प्रोसेसर एकाच सोलॅरिसखाली नांदू शकले.

पुढे स्वस्त यंत्रांवरच्या फुकट लिनक्सने गिऱ्हाईक ओढले. सनने जून २००५ मध्ये सोलॅरिसचा बराचसा मूळ कोड ‘ओपनसोलॅरिस’ म्हणून खुला केला. माझ्या मते उशीरच झाला. त्यातून परवाना वेगळा, लिनक्सच्या परवान्याशी न जुळणारा. आणि काही भाग बंदच ठेवलेले. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन घेतली, ऑगस्टमध्ये ओपनसोलॅरिस गुंडाळले.

पण एकदा दिलेला कोड परत मागता येत नाही. त्याच महिन्यात काही जुन्या जाणत्यांनी त्यावरून ‘इल्युमॉस’ सुरू केले. विविध भाषांची अक्षरे व क्रमवारी सांभाळणारा मूळ ग्रंथालयातला भाग बंद होता, तो त्यांनी बदलून खुला केला. सोलॅरिससाठी जन्मलेली झेडएफएस ही फाइलव्यवस्था फ्रीबीएसडीवर आणि परवान्याचा वाद असूनही लिनक्सवर आजही चालते. ज्यांनी ती लिहिली त्यांची कंपनी मात्र उरलेली नाही.