शेंड्यावरचे काम : शिडाच्या जहाजांवरील डोलकाठीच्या देखभालीचा मागोवा

शिडाच्या जहाजाची डोलकाठी नुसती रोवून उभी राहत नाही. पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी ओढून बांधलेले दोर किंवा तारा तिला तोलून धरतात. शीड वर चढवणारा दोर शेंड्याजवळच्या कप्पीवरून जातो. त्यामुळे सर्वाधिक झिजणारे काही भाग नेमके हात पोहोचत नाही तिथे असतात. त्यांच्या दुरुस्तीचे दोनच मार्ग आहेत : काम खाली उतरवायचे किंवा माणूस वर चढवायचा. यातला कोणता मार्ग घ्यायचा, हे त्या त्या काळातील जहाजाच्या बांधणीने ठरवले.

महाराष्ट्रात अशा जहाजाचे सर्वांत प्रसिद्ध चित्र किनाऱ्यावर नाही. ते छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. सोपाऱ्याचा व्यापारी पूर्ण याच्या कथेतले हे जहाज पाचव्या शतकातले, वाकाटककालीन मानले जाते. तीन डोलकाठ्या, उंच आणि अरुंद शिडे, वल्ह्यासारखे सुकाणू आणि ओळीने मांडलेले रांजण त्यात दिसतात. मात्र डोलकाठीची जाडी किती, दोर किती ताणाचे, ही मापे भिंतीवरच्या सपाट चित्रातून मिळत नाहीत.

त्या मापांचा शोध अलीकडे प्रत्यक्ष जहाज बांधून घेतला गेला. सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली लाकडी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून जहाज तयार झाले. सांगाड्याच्या प्रतिकृतीची पाण्यातली चाचणी आयआयटी मद्रासमध्ये झाली. आधुनिक साहित्याशिवाय घडवलेली लाकडी डोलकाठी भार पेलेल का, हे नौदलाने स्वतंत्रपणे तपासले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे हे जहाज ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून मस्कतकडे निघाले. लाकूड आणि काथ्या पाणी शोषतात, फुगतात, उन्हाने आकसतात. म्हणून अशा जहाजावर दोरांचा ताण पुन्हापुन्हा तपासणे हा रोजच्या कामाचाच भाग असतो.

कोकण किनाऱ्यावर अजिंठ्याच्या चित्रानंतरच्या शतकांत वेगळी पद्धत रुळली. मराठा आरमारातील गुराबा आणि गलबते, तसेच व्यापारी मचवे यांचे शीड परबाण नावाच्या आडव्या किंवा तिरक्या काठीला बांधलेले असे. दोर सैल सोडला की परबाण शिडासह खाली येई आणि फाटलेले शीड किंवा झिजलेला दोर डेकवर बसूनच दुरुस्त होई. शेंड्याची कप्पी अडकली किंवा दोर निसटला तरच खलाशी अनवाणी वर चढे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झाकल्या जात, शिडे व दोर उतरवून ठेवले जात आणि मोठी डागडुजी त्याच काळात उरकली जाई. दर्यावरचे काम कमी ठेवण्याची ही शहाणी रीत होती.

मुंबई गोदीत चित्र पालटले. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे सागवानी युद्धनौका बांधल्या. १८१३ ची ‘कॉर्नवॉलिस’ आणि १८१७ ची ‘ट्रिंकोमाली’ त्यांपैकीच. या जहाजांवर एकाच डोलकाठीवर अनेक परबाणे असत आणि ती सतत खाली आणणे शक्य नसे. म्हणून माणसाची वाट कायमची बांधून ठेवलेली असे : डोलकाठीच्या बाजूच्या दोरांना आडवे दोर बांधून केलेली शिडी. वर गेल्यावर खलाशी परबाणाखाली लटकणाऱ्या दोरावर पाय रोवी, पोट परबाणावर टेकवी आणि दोन्ही हात शिडाच्या कामाला मोकळे ठेवी. गोवा शिपयार्डने बांधलेल्या आणि १९९७ मध्ये नौदलात आलेल्या तीन डोलकाठ्यांच्या ‘आयएनएस तरंगिणी’वर प्रशिक्षणार्थी आजही अशाच शिड्यांनी वर जातात.

विसाव्या शतकात छोट्या शिडाच्या नौकांवर धातूच्या डोलकाठ्या आणि स्टेनलेस स्टीलच्या तारा आल्या. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डने बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेवरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये तीच कुठेही न थांबता पूर्ण केली. तिथेच बांधलेल्या ‘तारिणी’वरून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये, तर दिलना के. आणि रूपा ए. यांनी २०२४-२५ मध्ये प्रदक्षिणा केली. अशा नौकांच्या डोलकाठीला दोरांची शिडी नसते. चढणारा हार्नेस किंवा बसण्याची झोळी बांधतो आणि शीड चढवण्याच्याच दोराने वर जातो. जोडीदार असेल तर तो विंच फिरवून त्याला ओढतो, नसेल तर पकडदार साधनांच्या आधाराने स्वतःच चढावे लागते. दुसरा स्वतंत्र दोर सुरक्षेसाठी लागतो आणि प्रत्येक हत्यार दोरीने बांधलेले असते, कारण सुटलेला पाना खालच्याच्या जिवावर बेतू शकतो. डेकवर जाणवणारा छोटा हेलकावा शेंड्यावर कित्येक पटींनी मोठा होतो. म्हणून पाय डोलकाठीभोवती घट्ट आवळून काम करावे लागते.

वर पाहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत : तारेतला तुटून बाहेर आलेला एखादा धागा, तारेच्या टोकाच्या जोडातील बारीक चीर किंवा गंज, पिना जागच्या जागी आहेत का, कप्पी फिरते का, दिवा आणि अँटेना शाबूत आहेत का. तुटलेला एकच धागाही गंभीर मानतात, कारण त्याच्या वाट्याचा भार उरलेल्यांवर पडतो. तार तुटली तर डोलकाठी कोसळू शकते. मात्र उत्तम देखभालीलाही मर्यादा असते : सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात टॉमी यांच्या ‘तुरीया’ या नौकेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली.

म्हणूनच लांबच्या सफरीपूर्वी क्रेनने संपूर्ण डोलकाठी उतरवून जमिनीवर आडवी ठेवतात, प्रत्येक जोड हाताने चाचपतात आणि आयुष्य संपत आलेल्या तारा बदलतात. दुर्बीण किंवा कॅमेरा दोष दाखवू शकतो, पण निसटू पाहणारी पिन बसवू शकत नाही. बंदरात काम खाली उतरवता येते. भर समुद्रात मात्र माणसालाच वर जावे लागते.