रक्तपरीक्षा आणि प्रकाशाचा तराजू

ज्याचा तराजू खरा त्याची पेढी खरी, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. परंतु रक्ततपासणीचा कागद हाती येतो तेव्हा त्यावरील आकडे कोणत्या तराजूने तोलले गेले, याची चौकशी आपण क्वचितच करतो. पुष्कळशा तपासण्यांत हा तराजू म्हणजे प्रकाश होय. त्याची ओळख आम्ही येथे थोडक्यात करून देत आहोत.

रक्त साखळल्यावर गुठळीपासून जो पिवळसर द्रव वेगळा होतो त्यास रक्तरस किंवा सीरम म्हणतात. त्यातील साखर डोळ्यांस दिसत नाही. म्हणून तीपासून रंग उत्पन्न होईल अशी द्रव्ये त्यात मिसळतात. आज प्रचलित असलेल्या एका पद्धतीत ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइममुळे साखरेपासून हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते आणि दुसऱ्या एन्झाइमच्या साहाय्याने त्याचा गुलाबी रंग बनतो. साखर जितकी अधिक तितका रंग गडद.

या रंगीत द्रवातून सुमारे ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडून पलीकडे किती पोचला हे मोजतात. येथील हिशेब साध्या त्रैराशिकाचा नाही. एका द्रावणातून शंभरापैकी दहा भाग प्रकाश पार जात असेल, तर दुप्पट तीव्र द्रावणातून पाच नव्हे, एकच भाग पार जातो. म्हणून लॉगॅरिथमच्या साहाय्याने ‘प्रकाशशोषण’ काढतात. ते पहिल्याचे १ व दुसऱ्याचे २ येते. हे शोषण मात्र द्रव्याच्या प्रमाणात वाढते. हा नियम लँबर्ट व बेअर यांच्या नावाने ओळखला जातो.

पूर्वी हे सारे काम हाताने, एकेका परीक्षानळीत चाले. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील लेनर्ड स्केग्ज यांनी ते यंत्राकडे सोपविले, आणि १९५७ साली टेक्निकॉन कंपनीने त्यांचा ‘ऑटोअ‍ॅनलायझर’ बाजारात आणला. त्यात नमुने एकामागून एक बारीक नळीतून वाहत. मध्ये हवेचे बुडबुडे सोडून एका नमुन्याची दुसऱ्यात भेसळ टाळली जाई. आजच्या बहुतेक यंत्रांत प्रत्येक तपासणीचे मिश्रण स्वतंत्र कुपीत होते. प्रकाशाचे तत्त्व तेच आहे.

मात्र यंत्र रोग जाणत नाही. ते केवळ प्रकाश मोजते. जेवणानंतर मेदाने दुधाळ झालेला रक्तरस प्रकाश विखुरतो. रक्त काढताना पेशी फुटल्या तर त्यांचा लाल रंग हिशेबात घोटाळा करतो. त्याहून घातक गोष्ट अशी की, रक्तरस वेगळा न करता नमुना साध्या नळीत तसाच पडून राहिला, तर रक्तपेशी त्यातील साखर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के या वेगाने खर्च करतात. अशा वेळी यंत्राचा आकडा अचूक असूनही रोग्याची साखर कमी दिसते, आणि मधुमेह लपून राहू शकतो.

तेव्हा वाचकांस आमची विनंती एवढीच की, सांगितला असेल तेवढा वेळ उपाशी राहूनच रक्त द्यावे. नमुना दूरच्या गावी जाणार असेल तर रक्तरस केव्हा वेगळा करणार, किंवा साखरेसाठी फ्लोराइडची नळी वापरली की नाही, हे निःसंकोच विचारावे. ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांनी यंत्राची पडताळणी नियमितपणे होते काय, हेही विचारण्यास हरकत नाही. मापाची वजने तपासून घेणाऱ्या ग्राहकाचा प्रामाणिक दुकानदारास राग येत नाही.