वाडी आणि वस्ती

वसईचे नाव काढले की आपल्यापुढे चिमाजीआप्पा उभा राहतो आणि १७३९ सालचा वेढा उभा राहतो. आज मला किल्ल्याविषयी बोलायचे नाही. किल्ल्याच्या उत्तरेस, समुद्राला धरून थेट अर्नाळ्यापर्यंत बागायतीची जी पट्टी गेली आहे, तिच्याविषयी आणि ती राखू पाहणाऱ्या घरांविषयी बोलायचे आहे.

वाडी म्हणजे काय, हे घाटावरच्या माणसाला प्रथम समजावून सांगावे लागते. आपण शेत म्हणतो ते मोकळे असते, घरापासून दूर असते. वाडी ही घराला चिकटलेली. पुढे अंगण, मागे विहीर, विहिरीवर एके काळी बैलाचा रहाट, आणि तेथून पाटाने पाणी खेळवलेले. नारळ-सुपारीच्या सावलीत केळी, पांगाऱ्यासारख्या झाडांच्या आधाराने चढवलेल्या पानवेली, कडेला मोगरा नि सोनचाफा, मोकळ्या वाफ्यांत वांगी आणि पालेभाजी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि त्यांची सुकेळी करायची, हा येथला खास उद्योग. पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन दादरला उतरणाऱ्या वसईच्या बायका मुंबईच्या जुन्या माणसांच्या चांगल्या स्मरणात आहेत. ती गाडी तरी किती जुनी! विरारहून मुंबईला पहिली लोकल १८६७ साली गेली. म्हणजे मुंबई वाढू लागली तेव्हापासून तिच्या ताटातली भाजी आणि देवापुढचे फूल वसई पुरवीत आली.

आता असे एक घर डोळ्यांसमोर आणू. नाव देत नाही, कारण ते एकाच घराचे नाव नव्हे. गासपासून आगाशीपर्यंत अशी घरे पुष्कळ आहेत. पणजोबांची वाडी चार एकरांची, म्हणजे १६० गुंठे. त्यांचे दोन मुलगे, प्रत्येकी ८० गुंठे. पुढच्या पिढीत पुन्हा दोघे दोघे, म्हणजे ४० गुंठे. आज त्या चाळीस गुंठ्यांवर पाच नावे आहेत, त्यांत दोन बहिणी. एक भाऊ मुंबईत बँकेत, एक पुतण्या परदेशी, आणि वाडीवर राबणारा एकटा थोरला. सातबाऱ्यावर सर्वांचा वाटा सारखा, आणि तो तसा असणे न्यायाचेच आहे. पण पानवेलीला पाणी कोण देतो, हे सातबाऱ्यावर लिहिलेले नसते.

जमिनीचे असे तुकडे पडू नयेत म्हणून आपल्या राज्यात १९४७ सालीच तुकडेबंदीचा कायदा झाला. कायद्याने तुकडा थांबवता येतो. भावाभावांच्या गरजा काही थांबत नाहीत. एकाच्या मुलीचे लग्न, दुसऱ्याच्या घरात आजारपण, तिसऱ्याला मुलाच्या शिक्षणाला पैसे हवेत. नेमक्या अशाच वेळी दलाल ओटीवर येऊन बसतो.

"दादा, विकायचं नका बोलू. नुसता दर तरी ऐकून घ्या."

दर ऐकला की थोरला गप्प होतो. पानांचे, फुलांचे आणि सुकेळ्यांचे साऱ्या जन्माचे उत्पन्न एका बाजूला आणि तो आकडा दुसऱ्या बाजूला. ही वाडी ज्याला केवळ भावनेची गोष्ट वाटते, त्याने त्या ओटीवर पाच मिनिटे बसून पाहावे.

तरीही समजा, थोरल्याने नाही म्हटले. भावांनीही मन मोठे करून त्याला साथ दिली. वाडी वाचली का? येथेच खरी मेख आहे, आणि ती समजण्यासाठी थोडे जमिनीखाली उतरले पाहिजे.

वसईची ही पट्टी समुद्रालगतची. खाली खारे पाणी आहेच. वर पावसाळ्याचे चार महिने जो पाऊस कोसळतो, त्यातले पाणी जमिनीत मुरते आणि खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोडे पाणी हलके, खारे जड. तेलाचा तवंग पाण्यावर राहावा तसा काहीसा हा प्रकार. एका डच अभियंत्याने आणि त्याच्यामागून एका जर्मनाने स्वतंत्रपणे याचा हिशेब मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी सापडते. आता हेच गणित उलटे करून पाहा. उपसा करून वरची पातळी एक फूट उतरवली की खालून खारे पाणी चाळीस फूट वर सरकू पाहते. हा हिशेब वाळूच्या जमिनीचा आहे. कातळ लागला की आकडे बदलतात. पण एकास चाळीस हे प्रमाण मनात ठेवले, म्हणजे वसईकर पाण्याच्या टँकरला एवढे का भितो ते कळते.

जुन्या लोकांना हे गणित लिहिता येत नव्हते, पण त्यांनी बावखले खणली होती. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. उतरता काठ, उथळ, कधी दोन-तीन घरांचे मिळून. खणताना निघालेली माती घराच्या जोत्याला आणि वाफ्यांना जायची. पावसाळ्यात ते तुडुंब भरे आणि मग हिवाळाभर आजूबाजूच्या विहिरींना झिरपून पाणी देई. मासे मिळत ते वेगळेच. कागदोपत्री ते एखाद्याच्या वाट्याला आलेले असेल, पण त्यातून झिरपणारे पाणी कुंपण पाहून थांबत नाही.

म्हणून शेजाऱ्याने बावखल बुजवले की थोरल्याची विहीर पौषातच तळ दाखवू लागते. त्या जागेवर इमारत उठते, इमारतीला नळ नसतो, तेव्हा बोअर मारतात किंवा टँकर आणतात. आणि टँकर भरतो तो पलीकडच्याच एखाद्या वाडीतल्या विहिरीवर. पाणी मचूळ होते. पानवेल तर फार नाजूक जात, तिला खार सोसत नाही. पावसाळ्यात याच्या नेमके उलट. नवा प्लॉट भराव घालून तीन-चार फूट उंच केलेला असतो, ओहोळ बुजलेले असतात, आणि ते सारे पाणी थोरल्याच्या सखल वाडीत येऊन तुंबते. उन्हाळ्यात खार आणि पावसाळ्यात कुजवा! जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले, मिठागरांतल्या माणसांना सोडवून आणावे लागले, त्या वेळी पाणी जायचे कोठून होते याची चर्चा झाली. वाडीवाल्यांनी ती चर्चा तीस वर्षे आधी सुरू केली होती.

तीस वर्षे म्हणतो, कारण १९८८ मध्ये वसईचा हरित पट्टा बांधकामाला खुला करण्याचे सरकारी धोरण आले आणि १९९० मध्ये सिडकोकडे येथल्या नियोजनाचा अधिकार गेला. त्याच सुमारास हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचे अग्रणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो. पुढे ते ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ साली निवर्तले, तेव्हा त्यांच्याविषयी साहित्यिक म्हणून पुष्कळ लिहिले गेले. पण टँकरच्या आणि बिल्डरांच्या विरोधात मोर्चा काढणाऱ्या दिब्रिटोंची आठवण मला अधिक मोलाची वाटते. मोर्चांत बायका मोठ्या संख्येने असत, आणि ते स्वाभाविकच होते. विहीर आटली की आधी बाईला कळते.

या चळवळीने सर्व काही वाचवले असे नाही. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, गावे तीत घ्यावीत की वगळावीत यावरून वाद न्यायालयापर्यंत गेला. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती बारा लाखांवर होती. पण ही बारा लाख माणसे कोण, हेही पाहिले पाहिजे. गिरगावच्या चाळीत जागा पुरेना म्हणून आलेली, १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागहून उठलेली, मुंबईत खोली घेणे न परवडल्यामुळे रेल्वेच्या रेषेने उत्तरेकडे सरकलेली आपलीच माणसे. त्यांना उपरे म्हणून मोकळे होता येणार नाही. नळाला पाणी नसलेली इमारत ज्याने विकली त्याला दोष द्यावा. तीत राहायला आलेल्या कारकुनाला कसा द्यावा? त्यालाही टँकरसाठी बादली घेऊन उभे राहावे लागतेच.

मग थोरल्याने करावे काय? हाच प्रश्न न्यूयॉर्कच्या शेजारी पडला होता. मुंबईला जशी वसई, तसे न्यूयॉर्कला लाँग आयलंड. तेथे बटाट्याची जुनी घराणेशाही शेते, आणि शहर एक एक शेत खात पुढे सरकत होते. तेथल्या सफोक काउंटीने १९७४ मध्ये एक योजना मंजूर केली. शेत विकत घ्यायचे नाही; त्या शेतावर घरे बांधण्याचा हक्क तेवढा सरकारने विकत घ्यायचा. शेतकऱ्याला पैसा मिळतो, भावंडांचे वाटे भागवता येतात, जमीन त्याचीच राहते. फक्त ती कोणीही घेतली तरी शेतीच करावी लागते. कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमावलीने बांधकामाचा हक्क जमिनीपासून सुटा करून दुसरीकडे नेण्याची सोय केलीच होती. जुन्या वास्तूंसाठी आणि रस्त्यांसाठी ज्याचा उपयोग झाला, त्याचा बावखलासाठी का करू नये, असे मला विचारावेसे वाटते. मात्र यात एक अडचण आहे, ती लपवीत नाही. एका वाडीचा हक्क घेऊन भागणार नाही. झिरपा जितका दूर जातो तितका सगळा पट्टा एकदम धरावा लागेल, आणि एवढी घरे एकमताने आणणे हे सातबाऱ्यावरची पाच नावे एकत्र आणण्याहून सोपे नाही.

तोपर्यंत जे हाती आहे ते काही जण करीत आहेत. अलीकडे वसईच्या तरुणांनी जुनी बावखले शोधून त्यांतला गाळ आणि कचरा उपसायला सुरुवात केली आहे. कोठे वापर नसल्याने शेवाळलेले, कोठे अर्धे बुजलेले. काठावरच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारावे लागते की मूळ कड कोठवर होती. मग तो काठीने जमिनीवर रेघ ओढून दाखवतो, आणि ती रेघ पुष्कळदा शेजारच्या कुंपणाच्या आत जाते.