वीतभर दाब, नखभर सूट

विलायतेतलं बिऱ्हाड : भाग 9

नवा बॉयलर लागून आठवडा झाला असेल. सकाळी मी शॉवर सुरू केला की स्वयंपाकघरातून हाक यायची, "अहो, शेगडी मंदावली बघा!" शॉवर बंद केला की ज्योत पुन्हा वर. वाड्यात वाढलेल्यांना हा प्रकार पाठ असतो. खालच्या बिऱ्हाडाने नळ सोडला की वरच्या मोरीतली धार करंगळीएवढी व्हायची. आमच्या हॅरोच्या घरात पाण्याच्या जागी गॅस होता, एवढाच फरक. बसवणाऱ्याने जुना बॉयलर उतरवून नवा टांगला होता आणि त्याच्याकडे जाणाऱ्या 15 मिलिमीटरच्या तांब्याच्या नळीला हातही लावला नव्हता.

मागच्या भागात आपण बॉयलर निवडला. तो विकत घेण्याआधी बघायची ती ही नळी. कोटेशनमध्ये गॅसच्या नळीचा शब्द नसेल, तर ते कोटेशन अर्धवट आहे असं मी आता बेधडक म्हणतो.

जुनी नळी नव्या बॉयलरला का पुरत नाही? जुना बॉयलर म्हणजे आजीचा बंब. हळूहळू पाणी तापवायचं आणि टाकीत साठवायचं. त्याला 15 किलोवॅट पुरत. नवा बॉयलर कॉम्बी, त्याला टाकीच नाही. नळ उघडला की तिथल्या तिथे पाणी तापवायचं. मिनिटाला 12 लिटर पाणी 35 अंशांनी तापवायला साधारण 29 किलोवॅट लागतात. म्हणजे घर तापवायला नव्हे, तर अंघोळीसाठी बॉयलर दुप्पट मोठा होतो. 15 किलोवॅटच्या जुन्या, थोडी उष्णता धुराड्यातून घालवणाऱ्या बॉयलरला तासाला पावणेदोन-दोन घनमीटर गॅस लागायचा. 30 किलोवॅटच्या कॉम्बीला सव्वातीनच्या आसपास लागतो.

आता दाब. ब्रिटनमध्ये मीटरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब 21 मिलिबार धरतात, दोन इकडे किंवा तिकडे. ऐकायला बरंच वाटतं, पण हा दाब वीतभर पाण्याच्या उंचीइतकाच असतो. घरातल्या नळ्यांसाठीचं ब्रिटिश मानक, बीएस 6891, सांगतं की सगळं पूर्ण जोरात चालू असताना मीटरपासून उपकरणापर्यंत यातला 1 मिलिबारच खर्च व्हावा. वीतभर दाबातली नखभर सूट. नळीची सगळी मापं या नखात बसवायची.

यासाठी तयार तक्ते असतात. 15 मिलिमीटरची नळी 6 मीटर लांब असेल तर तासाला 1.9 घनमीटर गॅस नेते. जुन्या बंबापुरतं ते होतं. 22 ची नळी 12 मीटर लांबीवर 3.9 घनमीटर नेते, 9 मीटरवर 4.6. वळणंही लांबीत धरावी लागतात : एल्बो जोडला की अर्धा मीटर, नळीच यंत्राने वाकवली तर 0.3 मीटर.

आमचं घर 1930च्या दशकातलं. मीटर दारातल्या जिन्याखाली, बॉयलर मागच्या भिंतीला. सरळ लांबी 9 मीटर, वळणं सहा. सगळे एल्बो घातले तर 9 अधिक 3, म्हणजे 12 मीटर. बॉयलरला सव्वातीन, शेगडीला पाऊण, मिळून 4 घनमीटर. तक्ता म्हणतो 3.9. थोडक्यात हुकलं! पण सहाही वळणं वाकवून काढली तर लांबी 10.8 मीटर होते आणि तीच 22 ची नळी 4.1 च्या वर नेते. मग बोलावलेला दुसरा इंजिनिअर चहा पीत पाकिटाच्या पाठीवर हे गणित मांडत होता, तेव्हा मी त्याच्याकडे कीर्तनकाराकडे पाहावं तसा बघत होतो. शेगडीच्या फाट्यापर्यंत 28 ची नळी आणि पुढे 22, हाही एक मार्ग असतो. मीटर मात्र सहसा बदलावा लागत नाही. घरगुती मीटर तासाला 6 घनमीटर देतो.

खरी गंमत नळी कुठून न्यायची यात आहे. बॉयलर वरच्या मजल्यावर हलवायचा असेल तर जमिनीच्या फळ्यांखालच्या तुळया आडव्या येतात. तुळईला वरून खाच मारायची ती तिच्या उंचीच्या एक अष्टमांशापर्यंतच, तीही टोकांच्या बाजूला, मधोमध नाही. 200 मिलिमीटरच्या तुळईत 25 मिलिमीटर. 22 ची नळी जेमतेम बसते, 28 ची नाहीच. मग तुळयांना समांतर जायचं, किंवा सरळ बाहेरच्या भिंतीवरून प्लॅस्टिकचं आवरण असलेली नळी न्यायची. दिसायला ओंगळ, पण मला तीच आवडते. काय आहे ते डोळ्यांसमोर राहतं. भिंतीतून जाताना नळीला बाहेरून दुसरी नळी लागते, विजेच्या मीटरपासून 150 मिलिमीटर अंतर लागतं, आणि गॅस मीटरपाशी हिरव्या-पिवळ्या वायरीचं अर्थिंग आहे का तेही याच फेरीत बघून घ्यावं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. नवं लॅमिनेट, नवं स्वयंपाकघर, रंग हे सगळं नळीनंतर. आम्ही दिवाळीआधी हौसेने लॅमिनेट घातलं होतं.

पाहणीला येणाऱ्याकडून दोन गोष्टी मागा. जुना बॉयलर आणि शेगडी पूर्ण चालू ठेवून मीटरपाशी व बॉयलरपाशी दाब मोजून घ्या. आणि नळीचा मार्ग, माप, वळणं कागदावर घ्या. मीटरपाशीच दाब 19 च्या खाली असेल तर दोष तुमच्या नळीचा नाही. ते पुरवठादाराला कळवायचं. येणाऱ्याचं 'गॅस सेफ' नोंदणीचं कार्ड उलटून पाहा. त्याला कोणती कामं करता येतात ते मागच्या बाजूला असतं. 2009 पर्यंत ही नोंदणी कॉर्गीकडे होती, त्यामुळे जुनी मंडळी अजून 'कॉर्गीवाला' म्हणतात. दोन-चार वर्षांत हीट पंपाकडे वळायचा विचार असेल, तर या नळीवर पैसे घालण्याआधी थांबा. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यासाठी सध्या 7,500 पौंड अनुदान मिळतं.

आमचं लॅमिनेट उचकटलं तेव्हा खाली एक लोखंडी नळी सापडली, दोन्ही टोकं बंद केलेली. बहुधा कोळशापासून केलेल्या गॅसच्या काळातली. 1967 ते 1977 या दशकात सगळा देश नॉर्थ सीच्या गॅसवर आला. ती तशीच ठेवून शेजारून 22 ची नवी तांब्याची नळी गेली, सहा वळणांची, एकही एल्बो नाही. गळतीची चाचणी झाली, मग शॉवर आणि चारही बर्नर एकदम लावले. मीटरपाशी 20.6, बॉयलरपाशी 19.8.

पुढच्या भागात : बॉयलरमधून ठिबकणारं पाणी बाहेर नेणारी नळी, आणि ती थंडीत का गोठते.