रीलमध्ये फुस्स करून बसणारी पिकअप गोंदियाच्या रस्त्यावर चालेल का?

जुनी पिकअप येऊन थांबते, फुस्स असा आवाज होतो आणि बघता बघता अख्खी गाडी जमिनीला टेकते. बटण दाबलं की पुन्हा उठून उभी राहते. असं रील बहुतेकांच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेलेलं असतं. ते बघून पडणारा प्रश्नही ठरलेला असतो, हे आपल्याकडच्या गाडीला करता येईल का?

गोंदियासारख्या जिल्ह्यात हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहत नाही. इथे पिकअप म्हणजे धानाचे कट्टे राइस मिलपर्यंत नेणारी आणि लग्नसराईत मंडपाचं सामान वाहणारी कमाईची गाडी. ती चार दिवस उभी राहिली तरी घरचं गणित बिघडतं. कुणाच्या वाड्यात आजोबांच्या काळातली महिंद्रा उभी असेल, तर तिची किंमत वेगळीच. म्हणून रील शेअर करण्याआधी यामागचं तंत्र, रस्ता आणि कायदा समजून घेतलेला बरा.

गाडी खाली बसते कशी?

पिकअपच्या मागच्या चाकांवर साधारणपणे कमानीचे पाटे असतात. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या वजन आलं की सरळ होतात आणि वजन गेलं की पुन्हा वाकतात. पाटे पूर्ण मालाचा विचार करून बनवलेले असतात. त्यामुळे रिकामी पिकअप मागून उचललेली दिसते आणि खड्ड्यात उडते. माल भरला की तीच गाडी सपाट उभी राहते.

एअर सस्पेन्शनमध्ये पाट्यांच्या जागी जाड रबराचे, हवेने भरलेले फुगे येतात. यांनाही एअर बॅग म्हणतात, पण अपघातात उघडणाऱ्या एअरबॅगशी त्यांचा संबंध नाही. सोबत एक कॉम्प्रेसर, हवेची टाकी, व्हॉल्व्ह आणि नळ्या असतात. फुग्यात हवा भरली की गाडी उठते आणि सोडली की बसते. रीलमधला तो फुस्स आवाज याच सुटणाऱ्या हवेचा.

याचं गणित सोपं आहे. फुगा किती वजन उचलेल, हे हवेचा दाब आणि फुग्याचं क्षेत्रफळ यांच्या गुणाकारावर ठरतं. टायरची हवा आपल्याकडे पौंडात मोजतात, म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब आहे ते. सहा इंच व्यासाच्या फुग्याचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच भरतं. त्यात ७० पौंड हवा असेल, तर तो एकटा ९०० किलोच्या आसपास वजन पेलतो. गाडी रिकामी असताना त्या बाजूला ३०० किलोच भार असेल, तर २३-२४ पौंड हवा पुरते. म्हणजे भार बदलला की हवा कमीजास्त करून उंची तीच ठेवता येते.

हे तंत्र मुळात आहे ते यासाठी. गाडी जमिनीला टेकवणं हा त्याचा हौशी उपयोग.

व्होल्वो बसला चालतं, मग पिकअपला का नाही?

मुंबई-पुणे मार्गावर शिवनेरीने प्रवास केलेल्यांनी एअर सस्पेन्शन अनुभवलेलं आहे. शहरांतल्या काही लो-फ्लोअर बस तर थांब्यावर दाराच्या बाजूने थोड्या झुकतात, म्हणजे वयस्कर प्रवाशांना चढायला सोपं जातं. तिथेही हवाच सोडलेली असते.

फरक असा की ती बस पहिल्यापासून हवेसाठीच बनवलेली असते. तिची चौकट, ब्रेक, एक्सलला धरून ठेवणारे दांडे हे सगळं त्या हिशोबाने आखून, तपासून आलेलं असतं. जुनी पिकअप बनली ती पाट्यांसाठी.

आणि पाटे फक्त वजन उचलत नाहीत. ते एक्सलला पुढे-मागे सरकू देत नाहीत, डावीकडे-उजवीकडे हलू देत नाहीत आणि ब्रेक मारल्यावर त्याला पिळू देत नाहीत. फुगा यातलं एकच काम करतो, वजन उचलण्याचं. बाकीच्या कामांसाठी नवे दांडे बसवावे लागतात. त्यांची जोडणी चॅसिसला वेल्डिंग करून केली जाते आणि तिथे एक वेल्डिंग जरी कच्चं राहिलं, तरी धावत्या गाडीचा एक्सल जागा सोडू शकतो.

पुढचे परिणामही साखळीसारखे येतात. गाडी खूप खाली आणायची तर एक्सल चॅसिसला आपटतो, म्हणून तिथे चॅसिस अर्धगोल कापावी लागते. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि गाडी थरथरते. स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बिघडला, तर खड्ड्यात गाडी आपोआप एका बाजूला ओढते.

सगळ्यात न दिसणारा धोका ब्रेकचा. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. गाडी मागून किती दबली आहे, यावरून तो माल किती आहे हे ओळखतो आणि मागच्या ब्रेकला तेवढाच दाब देतो. गाडी मुद्दाम खाली बसवली की व्हॉल्व्हला वाटतं माल भरलेला आहे. रिकाम्या गाडीला जास्त ब्रेक मिळतो, मागची चाकं जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी फिरते.

ही हौस आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी जुन्या गाड्या खाली बसवायला सुरुवात केली. वेगात पळवण्याऐवजी सजवलेली गाडी हळूहळू मिरवायची, हा त्यातला मान. यांनाच लो-रायडर म्हणतात. सुरुवातीला स्प्रिंग कापायची किंवा डिकीत वाळूची पोती टाकायची, असे उपाय चालत.

१९५८ मध्ये तिथल्या कायद्याने बंधन आणलं. गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. त्यावर १९५९ च्या सुमारास तोड निघाली. विमानांच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप गाडीला लावायचे, म्हणजे पोलीस दिसले की गाडी वर आणि गेले की खाली. हवेचे फुगे ही त्याच वाटेवरची पुढची पायरी. ही बंदी अखेर १ जानेवारी २०२४ पासून उठली. म्हणजे जिथे ही हौस जन्मली, तिथेही तिला ६५ वर्षं कायद्याशी लपाछपी खेळावी लागली.

गोंदियाचा रस्ता काय म्हणतो?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. गावोगावचे गतिरोधक या मापाचे असतातच असं नाही. अनेक ठिकाणी ते अरुंद आणि टोकदार असतात. देवरी-कोहमारा मार्गे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर खाली बसवलेली गाडी कदाचित निभावून नेईल. पण महामार्ग सोडून गावात शिरलं की प्रत्येक गतिरोधकापुढे थांबून हवा भरा, ओलांडा, मग पुढे चला, असा प्रकार होतो. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांकडे जाणाऱ्या चिखलाच्या वाटेवर तर पोट टेकलेली गाडी ट्रॅक्टरनेच ओढावी लागेल.

हवामानाचाही वाटा आहे. कॉम्प्रेसर हवेसोबत बाष्प ओढतो, टाकीत पाणी साचतं आणि ते वेळेवर काढलं नाही तर व्हॉल्व्ह गंजतात. विदर्भातलं ऊन रबराचं आयुष्य कमी करतं. पाट्यातली एखादी पट्टी तुटली, तर गाडी हळूहळू का होईना घरी येते आणि कमानवाला ती दुरुस्त करून देतो. फुगा फाटला तर गाडी जागेवर बसते आणि सुटा भाग बाहेरून मागवावा लागतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सीएनजी किट किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी केलेले बदल यांना ठरावीक अटींवर मुभा आहे. हौसेखातर चॅसिस कापण्याला नाही.

९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. यामागचं कारण समजण्यासारखं आहे. गाडीचं मॉडेल बाजारात येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तिचा नमुना तपासला जातो. ब्रेक, वजन, रचना सगळं त्या तपासणीत पास झालेलं असतं. गॅरेजमध्ये रचना बदलली की त्या तपासणीचा अर्थ उरत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय मालवाहू गाडीला फिटनेस प्रमाणपत्र लागतं आणि आठ वर्षांहून जुन्या गाडीला ते दरवर्षी घ्यावं लागतं. एमएच-३५ पासिंगची कमाईची गाडी त्या तपासणीत अडकली, तर हंगामातच उभी राहील. अपघात झाला तर परवानगी नसलेल्या बदलाचं कारण देऊन विमा कंपनी दावा नाकारू शकते, ही भीती वेगळीच.

आणखी एक गैरसमज. फुगे लावले म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. नोंदणी पुस्तकात लिहिलेलं वजन तेवढंच राहतं. मागून गाडी दबलेली दिसली नाही, तरी वजनकाट्यावर ओव्हरलोड लपत नाही.

आणि गाडी खरोखरच जुनी असेल तर?

महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी १९४७ मध्ये सुरू केली आणि १९६० च्या दशकात छोटे एफसी ट्रकही आणले. त्या काळातली गाडी आज कुणाकडे असेल, तर तिच्यासाठी २०२१ पासून एक वेगळी सोय आहे.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षांची. नूतनीकरणाला ५ हजार. अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते.

यातली कळीची अट मात्र पुढे आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. म्हणजे एअर सस्पेन्शनसाठी चॅसिस कापली की गाडी व्हिंटेज होण्याचा हक्कच गमावून बसते. बाकीचं सगळं परत विकत घेता येईल, कापलेली मूळ चॅसिस नाही. १९८८ मध्ये आलेली टाटा मोबाइल पिकअप तर २०३८ च्या आधी या व्याख्येत बसणारच नाही. जिच्याकडे आज जुनी गाडी म्हणून कुणी बघत नाही, तिलाही उद्या हा नियम लागू होईल.

मग करायचं काय?

कमाईची पिकअप असेल, तर तिला हात न लावलेला बरा. रिकामी गाडी उडते ही तक्रार असेल, तर आधी पाट्यांचे बुश आणि शॉकअप तपासावेत, बसलेले पाटे कमानवाल्याकडून मूळ मापाला आणावेत आणि टायरची हवा कंपनीने सांगितली तेवढी ठेवावी. मऊ चालावी म्हणून एखादा पाटा काढून टाकण्याचा सल्ला मिळेल, तो घेऊ नये. त्याने गाडीची भार पेलण्याची ताकद कमी होते.

जुनी, हौसेची गाडी असेल, तर आधी नोंदणीची तारीख बघावी आणि गाडीचं मूळ रूप जपावं. हवेच्याच सस्पेन्शनची आवड असेल, तर कंपनीतूनच ते बसवून आलेल्या गाड्या बाजारात मिळतात, महाग असल्या तरी. कुठल्याही बदलाचा विचार असेल, तर गॅरेजच्या आधी आरटीओ कार्यालयात लेखी विचारावं. तिथे नकार मिळाला तर खर्च फक्त एका अर्जाचा होतो, पण चॅसिस कापून झाल्यावर तोच नकार अख्ख्या गाडीच्या किमतीला पडतो.