बांडगूळ नव्हे, बाशिंग

आज आधी आमचीच चूक सांगतो.

एका उन्हाळ्यात आमच्या बचत गटाने जुन्या आंब्यांवरचं बांडगूळ काढायचं काम घेतलं. कोयते घेऊन सपाटा लावला. फांद्यांना चिकटलेली तपकिरी पानांची घरटीही मेलेली समजून खरवडून टाकली. खाली ढीग पडल्यावर गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, हे तर बाशिंग! पावसाळ्यात कधी मान वर करून बघितलं नाहीत का?"

बाशिंग म्हणजे आपल्याकडचा झाडावर वाढणारा नेचा. त्याला दोन तऱ्हेची पानं येतात. बिनदेठाची, रुंद, कागदासारखी कडक पानं फांदीला धरून उभी राहतात, नवरदेवाच्या कपाळावरच्या बाशिंगासारखी. ती लवकर तपकिरी होतात, पण गळत नाहीत. त्यांच्या खोबणीत पालापाचोळा, धूळ साठते, त्याचं खत होतं आणि ओलही टिकते. बाशिंगाची ती परसबागच म्हणा ना! दुसरी पानं लांब देठाची, खोल कातरलेली, हिरवीगार. ती पावसात फुटतात. पान उलटून पाहा, मागे तपकिरी ठिपक्यांच्या ओळी दिसतील. नेच्याला फूल नाही, बी नाही. त्या ठिपक्यांतल्या भुकटीतून नवा नेचा होतो. उन्हाळ्यात हिरवा भाग झडतो, नुसत्या काड्या उरतात. आम्ही फसलो ते इथेच.

बांडगुळाचं तसं नाही. त्याची पानं जाड, साधी असतात, नळीसारखी फुलं येतात आणि जिथे ते फांदीत घुसतं तिथे गाठ येते. ते झाडाचा रस पितं. बाशिंगाची मुळं सालीला फक्त धरून असतात. त्याचं आडवं, तपकिरी लव असलेलं खोड उचकटलं, तर खाली साल जशीच्या तशी.

पाहायचं असेल तर वाईतून पश्चिमेला निघा. धोम धरण मागे टाकून जोरकडे जाताना पाऊस वाढत जातो. तिकडची जुनी, खडबडीत सालीची झाडं आणि सावलीतले ओले कातळ बघत चला. कोवळ्या, गुळगुळीत झाडावर शोधत बसू नका.

आता काम घेतलं की आम्ही आधी फांदीवर गाठ शोधतो. गाठ नसेल तर कोयता खाली. त्या आंब्याच्या मालकांनाही सांगून आलो. ते हसले, पण उरलेली दोन घरटी त्यांनी ठेवली आहेत.