राईनपाडा: फॉरवर्डने ठरवलेले गुन्हेगार

आजचा विषय आपल्या धुळे जिल्ह्यातलाच.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडचे ५ जण भिक्षा मागायला आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. 'मुलं पळवणारी टोळी' समजून जमावाने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जण निर्दोष होते.

बाजाराला आलेली साधी माणसं या थराला कशी गेली? त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर टोळीचे मेसेज फिरत होते. त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या फिल्मचा होता, शेवटचा खुलासा कापलेला! रोज तेच दिसलं की 'टोळी आहे का?' हा प्रश्न मागे पडतो, 'टोळी कुठे आहे?' एवढाच उरतो. मग अनोळखी चेहरा हाच पुरावा होतो. आणि मारणाऱ्याला वाटतं, आपण मुलांना वाचवतोय.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर ५ चॅटची मर्यादा जाहीर केली. आता गणित करा. तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ जण मावायचे. म्हणजे ५ भरलेले ग्रुप धरले तर एकाच फॉरवर्डमध्ये हजाराच्या वर लोक. मर्यादेने वेग कमी होतो, खरं-खोटं कळत नाही. ते काम आपलंच.

पुढचा 'सावधान' मेसेज आला की बघा: गाव कोणतं, तारीख कोणती, पोलीस काय म्हणतात? उत्तर नसेल तर तो तुमच्या फोनवरच थांबू द्या.

भेटू पुढच्या एपिसोडला.